सात पिढ्या आणि सातबारा

सात या आकड्याचे आपल्या भाषेत मोठे प्रस्थ आहे. लग्नात सप्तपदी, आकाशात सप्तर्षी, गाण्यात सात सूर. आणि भांडणात तर सात पिढ्यांवाचून चालतच नाही! कुणाचा राग आला की आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि कुणाचा हेवा वाटला की म्हणतो, ‘सात पिढ्या बसून खातील एवढे करून ठेवले आहे मेल्याने.’ मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण या पिढ्या कुणी खरोखरच मोजल्या असतील असे मला कधी वाटले नव्हते.

त्या मोजल्या गेल्या आहेत. पॅरिसमध्ये ओईसीडी नावाची एक संघटना आहे. बहुतेक श्रीमंत देश तिचे सभासद. तिने २०१८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला प्रश्न तसा साधा. एखाद्या देशात अगदी तळच्या घरात जन्मलेल्या मुलाच्या वंशाला त्या देशातल्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील? उत्तरे अशी : डेन्मार्कमध्ये दोन. संघटनेच्या सभासद देशांत सरासरीने साडेचार. दक्षिण आफ्रिकेत नऊ, कोलंबियात अकरा. आणि आपल्या भारतात? सात!

पिढी तीस वर्षांची धरली तर सात पिढ्या म्हणजे दोनशे दहा वर्षे होतात. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्या सुमारास ज्याच्या घरी रोजची चूल पेटण्याची भ्रांत होती, त्याचा वंशज या हिशेबाने आत्ता कुठे सरासरीच्या उंबरठ्यावर यायचा. म्हणजे आपल्या वाक्प्रचारातला आकडा चुकलेला नव्हता. त्याची दुसरी बाजू तेवढी सांगायची राहिली होती. श्रीमंताच्या सात पिढ्या बसून खातात, आणि तेवढ्याच काळात गरिबाच्या सात पिढ्या उभ्याने राबतात.

हा आकडा मी घरी सांगितला तेव्हा यजमान म्हणाले, “मग आपण डेन्मार्कचेच म्हणायचे! तुझ्या वडिलांच्या आणि तुझ्या, दोन पिढ्यांत काम झाले की!”

विनोद बरा होता, आणि खोटाही नव्हता. माझे वडील श्रीगोंदे तालुक्यातल्या एका कोरडवाहू खेड्यातले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि मॅट्रिक होऊन घरी बसले होते. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून वडिलांनी खडी फोडली, वाटपाची सुकडी खाल्ली, आणि पुढे दोन-तीन वर्षांत प्राथमिक शिक्षक झाले. त्यांची मुलगी एम. ए. होऊन महाविद्यालयात शिकवू लागली. आता घरात पुस्तकांची कपाटे आहेत, दाराशी गाडी आहे, आणि आमच्या मुलाला सुकडी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते.

आमच्याकडे येणारी मंडळी वडिलांचे कौतुक करतात. “कष्टाचे चीज झाले, गुरुजी,” म्हणतात. वडील ऐकून घेतात. एकदा मात्र ते म्हणाले, “त्या खडीवर आमच्या गावची चाळीस पोरे होती. माझ्यापेक्षा हात चालणारी वीस होती, आणि माझ्यापेक्षा डोके चालणारी पाच-सहा तरी असतील. त्यांच्या कष्टाचे काय झाले ते कुणी विचारीत नाही.”

मी पुष्कळदा या पाच-सहा जणांचा विचार करते. वडिलांजवळ होते आणि त्यांच्याजवळ नव्हते असे काय होते? वडिलांना रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली ही संस्था काढली, ती लोकांकडून मूठ मूठ धान्य गोळा करून जगवली. वडिलांची फी माफ होती. कारण यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ज्यांचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत आहे अशांच्या मुलांना ई. बी. सी.ची सवलत सुरू झाली होती. आणि मॅट्रिक झालेल्या पोराला पुढे मास्तरकीची वाट मोकळी होती. वडील शिडी चढले हे खरेच. पण ती भिंतीला आणून लावली होती दुसऱ्यांनी, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या स्वतःच्या घरात एक मूठ धान्य कमी शिजले होते. शिवाय या शिडीवर एका वेळी एकालाच चढता येत होते, आणि जो चढला त्याला गाव सोडावे लागले. चाळिसांतले दोघे-तिघे तालुक्याला, जिल्ह्याला गेले. गाव जिथे होते तिथेच राहिले.

मग अख्खे गावच्या गाव, कुणालाही न सोडता, वर चढल्याचे उदाहरण नाहीच का? आहे, आणि ते पाहायला डेन्मार्कला जावे लागत नाही. आमच्या नगरपासून पंधरा-सोळा किलोमीटरांवर हिवरे बाजार आहे. (२०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच बसले आहे.) वर्गातल्या मुलामुलींना घेऊन मी तिथे दोन-तीनदा गेले आहे. मराठीच्या प्राध्यापिकेचे तिथे काय काम, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले होते. ग्रामीण साहित्य शिकवायचे आणि ग्राम पाहायचे नाही, हे मला जरा चमत्कारिकच वाटते.

हे गाव पर्जन्यछायेतले. वर्षाला चारशे मिलिमीटरसुद्धा पाऊस भरवशाचा नाही. मुंबईत २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. म्हणजे हिवरे बाजारचा दोन वर्षांहून अधिक पाऊस मुंबईने एका दिवसात गटारातून समुद्रात सोडला! १९७२ नंतरची पंधरा-सतरा वर्षे या गावाने वाईट काढली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, घरोघर दारूच्या भट्ट्या लागल्या, आणि धडधाकट माणसे पोट भरायला बाहेर पडली. १९८९ साली गावाने पोपटराव पवार या एम. कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या तरुणाला सरपंच केले. १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर समपातळीत चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले, झाडे लागली. यातले बरेचसे काम रोजगार हमी योजनेतून झाले. ही योजनाही १९७२ च्या दुष्काळातलीच, वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली. माझ्या वडिलांनी फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक वर्षे रस्त्याकडेला पडून होते. इथे तशाच घामाने चर खणले आणि पाणी जमिनीत मुरवले.

पुढचे आकडे आता जगजाहीर आहेत. १९९५ साली गावातली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० च्या सुमारास ती तीनवर आली. दरडोई महिन्याचे उत्पन्न ८३० रुपये होते, ते २०१२ पर्यंत २८,००० च्या घरात गेले. दिवसाला १५० लिटर दूध निघत होते, ते ४,००० लिटरांवर पोचले. बाहेर गेलेली कुटुंबे परत येऊन शेतीला लागली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. सात पिढ्यांची वाट एका पिढीत! डेन्मार्कनेही टोपी काढावी.

परंतु आकड्यांपुढे लगेच हात जोडू नयेत, असे आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सांगतात. सरासरी म्हणजे पातेल्यात एकंदर किती होते याचा हिशेब. पंगतीत कुणाच्या पानात किती पडले, ते ती सांगत नाही. हिवरे बाजारात २००८ च्या सुमारास सव्वादोनशेच्या आतबाहेर कुटुंबे होती, आणि त्यांतल्या पन्नासांवर कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न दहा लाखांच्या पुढे होते. म्हणजे वाढप सारखे नव्हतेच.

हे कोडे प्रथम घातले ते माझ्या वर्गातल्या एका मुलीने. मजुराच्या घरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. डोंगरावरचे चर पाहून आम्ही खाली उतरत होतो. ती म्हणाली, “मॅडम, चर सगळ्यांनी खणले. पण पाणी विहिरीत येणार, आणि विहीर ज्याचा सातबारा त्याची. मग ज्याचा सातबाराच नाही त्याला काय मिळाले?”

आपल्या शहरी वाचकांपैकी कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते : सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होणारा जमिनीचा उतारा. जमीन कुणाची आणि तिच्यात काय पिकते, ते त्यावर लिहिलेले असते. पाऊस कुणाचा उतारा पाहून पडत नाही. पण जमिनीत मुरला की त्याला मालक मिळतो. त्या मुलीने एका वाक्यात जे विचारले, त्यावर पाणलोट क्षेत्राच्या अभ्यासकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. खेड्यात पाणी वाढले की पहिल्यांदा बागायतदार वाढतो. मजुराला फार तर रोज वाढून मिळतो.

या प्रश्नाचे उत्तर मला गावाच्या नियमांत सापडले. पूर्ण उत्तर नव्हे. पण विचार करायला लावील एवढे. राळेगण सिद्धीच्या वाटेने जाणाऱ्या गावांची पंचसूत्री प्रसिद्धच आहे : श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि कुटुंबनियोजन. हिवरे बाजारने त्यांत आणखी दोन घातल्या. एक लोटाबंदी, म्हणजे उघड्यावर शौचाला जायचे नाही. आणि दुसरी, शेतीच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचे नाही. झाल्या सात! शिवाय ऊस नाही, केळी नाहीत, आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही.

आता या बंद्या कुणावर आहेत ते पाहा. चराईबंदीचा आणि कुऱ्हाडबंदीचा पहिला बोजा पडतो गरिबावर. ज्याच्याजवळ चार शेळ्या आणि शून्य एकर, त्याची शेळी डोंगरावर जायची बंद झाली. ज्याची चूल मोळीवर चालते, त्याची मोळी थांबली. सरकारे, पुढारी आणि आपल्यासारखी शिकलेली मंडळी गरिबाला एवढ्या बंद्या नेहमीच सांगतात. पोरे कमी होऊ द्या, दारू सोडा, झाडे तोडू नका! या सांगण्यात आपले काही जात नाही.

बोअरबंदीचे मात्र तसे नाही. ती बसते फक्त ज्याला बोअर परवडते त्यालाच. उघडी विहीर असते चाळीस-पन्नास फुटांची. आजूबाजूच्या विहिरी एकाच पाण्यावर जगतात. त्यांत ज्याचा खिसा खोल, तो दोनशे-तीनशे फुटांवर नळी सोडतो, आणि शेजाऱ्याची विहीर निमूटपणे आटते. चोरी झाल्याचे दिसत नाही, पोलिसांत तक्रार होत नाही. कायद्याने तर सगळे अगदी चोख! उसाचेही तसेच. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना १९५० साली ज्या जिल्ह्यात उभा राहिला, तिथे उसाला नको म्हणणे म्हणजे नाशकात द्राक्षाला नको म्हणण्यासारखेच की! पण चारशे मिलिमीटरांच्या गावात एकाचा ऊस म्हणजे दहा जणांची ज्वारी. दरवर्षी पावसाळा सरला की गाव पाऊस मोजते, विहिरींची पातळी मोजते, आणि पाणी किती आहे ते पाहून यंदा कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवते. आपण घरखर्चाचे अंदाजपत्रक करतो, तसेच हे पाण्याचे.

म्हणजे हिवरे बाजारात एक सौदा झाला. खालच्याने शेळी आवरली, वरच्याने बोअर आवरले. आणि शेळी आवरणाऱ्याला मोबदलाही मिळाला. चराई बंद झाल्यावर डोंगरावर गवत मातले; ते विळ्याने कापून न्यायची मुभा राहिली. गवत आले तशी दारात गाय आली, आणि गाय आली तसे दूध आले. दुधाला सातबारा लागत नाही! माझ्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगू शकले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे थोडे मिळाले.” होय, थोडे. जमीनवाला आणि बिनजमिनीचा यांतले अंतर तिथेही उरले आहेच. त्या गावाने विषमता संपवली नाही. पण एकाच्या वाढीने दुसऱ्याची विहीर आटणार नाही, एवढी तजवीज केली. मला वाटते, माणसे वर चढू शकतात ती या तजविजीमुळे. नुसत्या पाण्यामुळे नव्हे.

ही तजवीज नसली म्हणजे काय होते, याचेही आता मोजमाप झाले आहे. माइल्स कोरॅक या कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञाने निरनिराळे देश तपासले, तेव्हा असे दिसले की जिथे उत्पन्नातले अंतर मोठे, तिथे गरिबाचे मूल बहुधा गरीबच राहते. २०१२ साली अमेरिकेतल्या ॲलन क्रूगर यांनी त्या आलेखाला एका कादंबरीच्या नायकाचे, गॅट्सबीचे, नाव दिले. मला त्यासाठी कादंबरी लागत नाही, शिडी पुरते. पायऱ्यांतले अंतर वाढत गेले तर आखूड पायांच्या पोराने चढावे तरी कसे? आणि आपल्याकडे हे अंतर वाढतेच आहे. टोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे, २०२२-२३ साली देशाच्या एकंदर उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला. १९२२ पासूनच्या त्यांच्या हिशेबात हा वाटा इतका मोठा कधी नव्हता.

शंभरातल्या त्या एकाकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि जरूरही आहे. पण बोअर काय फक्त तोच घेतो? आमचा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या क्लासची दोन वर्षांची फी, नुसते रुपये मोजले तर, माझ्या वडिलांच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतल्या पगाराहून जास्त भरते. परीक्षा सगळ्यांना एकच, प्रश्नपत्रिका एकच. नळ्या तेवढ्या वेगवेगळ्या खोलीच्या. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलगीही अकरावीतच आहे. दोघांच्या विहिरीत एकच पाणी आहे, आणि जागा तर मोजक्याच!

आमच्या कामाच्या ठिकाणीही तेच. कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जाऊन पाहा. आमचा काही अपवाद नाही. एकाच टेबलाशी दोघे बसतात. दोघेही एम. ए., दोघेही सेट झालेले, दोघेही तीच कविता शिकवतात. एकाला वेतन आयोगाचा पगार, आणि दुसरा ‘तासिका तत्त्वावर’. या तत्त्वात तास घेतला तर पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आली की पैसे नाहीत. ‘तत्त्व’ हा शब्द इतक्या तत्त्वशून्य जागी बसलेला मी दुसरीकडे पाहिला नाही! माझ्या शेजारी बसणारे सर छत्तीस वर्षांचे आहेत. लग्नाची बोलणी दोनदा पगाराशी येऊन थांबली. त्यांचे वडील शेतमजूर. घराण्यात हेच पहिले पदवीधर. शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर त्यांचा पाय आहे, आणि वरची पायरीच कुणी काढून नेली आहे.

ती पायरी परत बसवणे माझ्या हातचे नाही. ते सरकारचे काम. परंतु आमच्याकडे रविवारी काही जादा वर्ग भरतात. त्यांचे मानधन वेगळे मिळते, आणि ते तास आजवर सेवाज्येष्ठतेने वाटले जातात. साहजिकच ते आम्हा कायम मंडळींकडे येतात. गेल्या महिन्यात विभागाच्या बैठकीत मी असे सुचवले की, हे तास आपण यापुढे घेऊ नयेत. ते सगळे तासिकेवरच्या दोघा सरांना द्यावेत. बैठकीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “कल्पना उत्तम आहे, पण त्याने प्रश्न सुटतो का?” दुसऱ्या बाई म्हणाल्या, “माझ्या घराचे हप्ते चालू आहेत हो.” दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेतही बोअरचा विषय निघाला असेल तेव्हा अशीच उत्तरे आली असतील. हप्ते काय शेतकऱ्याला नसतात?

तिघांनी तास सोडले, दोघांनी ठेवले. बाईंनी एक सोडला, एक ठेवला. यात कुणाच्या सात पिढ्या तरत नाहीत, हे मलाही कळते. घरी ही वार्ता सांगितली तेव्हा यजमानांनी महिन्याचा हिशेब काढला आणि म्हणाले, “दिवाळीनंतर सोडले असते तर?” मग वहीत ती रक्कम खोडून त्यांनीच फराळाच्या यादीतला सुकामेवा पावशेराने कमी केला.

वडील तिथेच झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, “चिवड्यात काजू नसले तरी चालतात.”